'का होतंय?' नको, 'कुठं होतंय?' विचारा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं:

"माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. बारावी आणि नीटच्या तयारीसाठी दीड वर्षापासून लातूरला आहे. श्रावणात त्याला पहिल्यांदा त्रास झाला. क्लासमध्ये बसल्या बसल्या छाती दाटली, हातापायाला मुंग्या आल्या, पोटात गोळा आला. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा होतं. ईसीजी, सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन आहे. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. शहरातल्या एका समुपदेशकांकडे दोनदा नेलं. त्यांनी विचारलं, तुला नेमकं काय फील होतं, एक ते दहामध्ये किती. हा गप्प बसून राहिला. आता तिथं जायचं नाही म्हणतो. मळ्यात मात्र बरा असतो. म्हशीची धार काढतो, विहिरीच्या कठड्यावर तासन् तास बसतो.

सासूबाई रोज दृष्ट काढतात. बाहेरचं काहीतरी आहे, देवरुषाला दाखवू म्हणतात. ह्यांचं म्हणणं, सगळी नाटकं आहेत, आम्ही पण शिकलो. माझ्या मैत्रिणीनं एका समुपदेशकांचं नाव सांगितलंय. ते मुलांना डोंगरावर चालायला नेतात, श्वासाचे, अंगाचे व्यायाम घेतात, आपल्या चालीरीती धरून बोलतात. हे खरे उपचार आहेत की नवीन फॅड? की त्याला मळ्यातच ठेवावं वर्षभर?

माझे सासरे माघात गेले. मुलाची अकरावीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून अग्नी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला परत पाठवलं, दहाव्याला बोलावलं नाही. आजोबांचा फार जीव होता त्याच्यावर. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी सासूबाईंनी नातवाचं नाव घेतलं, 'तो डॉक्टर होईल' म्हणाल्या, तेव्हा शिवला. इतका जीव!

माझंही डोकं दोन वर्षं जड असतं, पण ते असो."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर लांबणार आहे, म्हणून आज रात्रीच करायचं काम आधी सांगते. मुलाजवळ बसा आणि सरळ शब्दांत विचारा, "कधी जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला कोणीतरी विचारल्यानं सुटल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाला, तर शपथा घालू नका, 'आमचं काय होईल' म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. रात्र असेल तर 14416 या 'टेली मानस' क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. 'नाही' म्हणाला, तरीही मळ्यातल्या खोलीत फवारणीची औषधं असतील ती आजच कुलपात घाला आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. शेतकरी कुटुंबातून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आता त्या 'काही नाही'कडे येऊ. तपासण्या नॉर्मल आल्या ही चांगली बातमी आहे आणि त्या केल्यात हे तुम्ही योग्यच केलंत. त्यातून एवढंच कळलं की हृदय, पोट, थायरॉइड धड आहेत. त्रास खोटा आहे, असं त्यातून निघत नाही. माणूस घाबरला की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. काळीज धडधडतं, रक्त हातापायाच्या स्नायूंकडे धावतं, पचन मंदावतं म्हणून पोटात गोळा येतो. श्वास भराभर होतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. तुमच्या मुलाला होतं ते या वर्णनात तंतोतंत बसतं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. तो ओसरतोच, हे मुलाला कोणी सांगितलंय का? बहुतेकांना कोणी सांगत नाही. आपण मरतोय असं वाटत ते एकटेच ती दहा मिनिटं काढतात. मी दुरून निदान करू शकत नाही, ते समोर बसून तज्ज्ञानंच करायला हवं. पण 'नाटक' हा शब्द घरातून आजपासून जायला हवा, हे मात्र दुरूनही खात्रीनं सांगते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. मुलानं समुपदेशकांना काहीच सांगितलं नाही, पण तुम्ही लिहिताना किती सांगितलंत! छाती दाटली, पोटात गोळा आला, डोकं जड. आपल्याकडे दुःख अंगातच राहतं आणि भाषेला ते पक्कं ठाऊक आहे. जीव घाबरा होतो, काळजात चर्र होतं, घशात आवंढा अडकतो, हातपाय गळतात, पोटात खड्डा पडतो. यांतला प्रत्येक शब्द शरीरातली जागा दाखवतो. अशा घरात वाढलेल्या पोराला 'तुला काय फील होतं, दहापैकी किती' असं विचारलं, तर तो गप्प बसणारच. बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ असेल. त्या प्रश्नाला त्याच्या घरातल्या भाषेत उत्तरच नसतं.

हे मी फार उशिरा शिकले. नवीन काम करू लागले तेव्हा माण तालुक्यातल्या साठीच्या एक बाई यायच्या. मी दर वेळी विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" एकदा त्या म्हणाल्या, "वाटायचं काय त्यात, बाई? हितं जळतंय," आणि छातीवर हात ठेवला. मी कागदावर लिहिलं, 'भावना व्यक्त करता येत नाहीत.' त्यांनी तर हात ठेवून दाखवलं होतं. मला ते वाचता आलं नव्हतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. ते वाक्य लिहिल्याचं दुःख मला आजही आहे, आणि तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. 'का होतंय?' याऐवजी मी 'कुठं होतंय?' असं विचारते. 'का'ला पोरं खांदे उडवतात. 'कुठं'ला हात आपोआप त्या जागी जातो. मग पुढचं विचारता येतं. जड आहे की गरम? घट्ट की पोकळ? एका जागी बसलंय की फिरतंय? तुम्हीही घरी हे विचारू शकता. धार काढताना, बांधावरून चालताना, त्याच्या डोळ्यांत न बघता विचारा. समोरासमोर बसवलं की मुलाला चौकशी वाटते, शेजारी चालत असलं की बोलणं सोपं जातं.

हे फॅड आहे का, असं तुम्ही विचारलंत. झिम्बाब्वेतल्या हरारे शहराची गोष्ट सांगते. डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांची एक रुग्ण बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून दवाखान्यात पोहोचू शकली नाही आणि तिनं जीव दिला. त्यानंतर 2006 साली त्यांनी वस्तीतल्या 14 आज्यांना शिकवलं आणि आरोग्य केंद्राच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकले. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणं. आज्या 'डिप्रेशन' असं म्हणतच नाहीत, त्या विचारतात, कुफुंगिसिसा होतंय का? लोकांना तो शब्द आपला वाटतो आणि ते बोलतात. 2016 साली या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर बसून बोललेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

आपल्या शेजारी गोव्यातही असं काम झालंय. 'संगाथ' संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांबरोबर चाचणी केली. सहा ते आठ भेटींत भर होता तो अंगानं काहीतरी करण्यावर. बंद पडलेली कामं, भेटीगाठी, चालणं, घराबाहेर पडणं थोडं थोडं पुन्हा सुरू करायचं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातले 39 टक्के. हे 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते रुग्ण प्रौढ होते आणि त्यांचा आजारही वेगळा होता, म्हणून तुमच्या मुलाला ते जसंच्या तसं लावू नका. पण शरीराकडून मनाकडे जाण्याची वाट खरी आहे आणि ती आपल्या माणसांबरोबर तपासली गेली आहे, एवढं तरी त्यातून दिसतं.

निसर्गाचं म्हणाल, तर जपानच्या वनखात्यानं 1982 साली 'शिनरिन योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना पुढे आणली आणि ती आता जगभर पसरली आहे. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत, आठवड्याला दोन तास झाडापाण्यात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पण मुळात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता अशा पाहणीत उरते. त्यामुळे 'डोंगरावर नेलं की बरा होईल' असं कोणी म्हणत असेल, तर थांबा. डोंगर सोबतीला उत्तम, त्याच्यावरच सगळा भार टाकू नये.

श्वासाचं मात्र मी जास्त ठामपणे सांगेन. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, घेताना वाढते. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब केलं की घाबरलेलं शरीर हळूहळू खाली उतरतं. चार मोजत घ्या, सहा-आठ मोजत सोडा, पाच मिनिटं. हे सासूबाईंना परकं वाटणार नाही. त्यांनी किंवा त्यांच्या आईनं जात्यावर ओव्या म्हटल्या असतील. हात फिरतोय, अंग डुलतंय आणि ओवीची ओळ लांबत जाणाऱ्या उच्छ्वासावर चालली आहे. सासर, माहेर, मेलेलं लेकरू, दूर गेलेला भाऊ, सगळं त्या जात्याला सांगून झालेलं असायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचे कष्ट मला गोड करून सांगायचे नाहीत. पण अंग हलवत, सूर लावत दुःख बाहेर काढायची रीत आपल्या आयांकडे होती. 'आपल्या चालीरीती धरून' काम करणारा समुपदेशक खरा असेल, तर तो अशा गोष्टी तुमच्या घरातूनच शोधेल. बाहेरून आणून शिकवणार नाही. सासूबाईंना ओव्या येत असतील तर नातवाला शेजारी बसवून म्हणायला लावा. त्याला उपचार म्हणू नका, नुसतं बसू द्या.

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिलेलं सांगते. कावळ्याचं.

तुम्ही ते आजोबांच्या मायेचा पुरावा म्हणून लिहिलंत. सासूबाईंनीही मायेनंच नातवाचं नाव घेतलं असणार. पण ही गोष्ट मुलाच्या कानावर गेली आहे का? गेली असेल तर त्याच्या बाजूनं एकदा ऐकून बघा. आजोबा गेले. त्याला थांबू दिलं नाही. आपण नसताना सगळे नदीवर जमले, कावळा येईना, आजोबांचा जीव आपल्यात अडकला होता. मग आपल्या नावानं वचन दिलं गेलं की तो डॉक्टर होईल, आणि तेव्हा आजोबा सुटले. आता लातूरच्या त्या वर्गात बसल्यावर, एखादा पेपर वाईट गेल्यावर, त्याच्या छातीवर काय बसत असेल? परीक्षेचं ओझं तर प्रत्येक मुलाला असतं. याच्यावर गेलेल्या माणसाला दिलेला शब्दही आहे, आणि तो त्यानं स्वतः दिलेलाच नाही. असंच असेल असं मी म्हणत नाही. पण माघात आजोबा गेले, श्रावणात त्रास सुरू झाला, आणि मुलाला बरं वाटतं ते आजोबांच्या विहिरीवर आणि आजोबांच्या म्हशीजवळ. तो तिथं निसर्गात रमतो असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तो तिथं आजोबांपाशी बसतो. त्याचं दहावं अजून व्हायचंय.

म्हणून पहिली गोष्ट. वर्षश्राद्ध माघात येईल आणि बारावीची परीक्षाही फेब्रुवारीतच असते. या वेळी परीक्षा पुन्हा आडवी येऊ देऊ नका. पेपर त्याच दिवशी असेल तर विधी कसा, कधी, कुठं करायचा हे त्याला विचारून ठरवा. त्याला काय करायचंय तेही विचारा. कदाचित नदीवर जायचं असेल, कदाचित आजोबांच्या हातचं एखादं झाड असेल त्याला पाणी घालायचं असेल, कदाचित काहीच करायचं नसेल. आणि सासूबाईंना एक विनंती करा. देवरुषाकडे जाण्यापेक्षा त्यांच्या हातात मोठं औषध आहे. त्यांनी नातवाला जवळ घेऊन एवढंच सांगावं, "बाळा, तुझा आजा सुटला. ते मी बोलले होते, तू नाही. तू काहीही हो." हे आजीनं सांगितलं तर जेवढं पोहोचेल, तेवढं माझ्यासारखीनं दहा भेटींत सांगूनही पोहोचणार नाही.

दृष्ट काढू द्या. मीठ-मोहऱ्या ओवाळणं, डोक्याला तेल चोळणं, अंगारा लावणं यानं कोणाचं नुकसान नाही आणि आजीचा हात डोक्यावरून फिरतो. त्यावरून घरात भांडण काढाल तर मुलाला वाटेल की आपल्यामुळे घर फुटतंय. देवरुषाचं मात्र वेगळं. मुलाला अपराधी वाटायला लावणारं, घाबरवणारं, औषध बंद करायला सांगणारं, अंगाला त्रास देणारं काहीही नको, ही रेघ स्पष्ट ओढा. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या झोपडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली 28 मनोरुग्ण माणसं होरपळून मेली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं कोणालाही साखळीनं बांधायला बंदी घातली आहे. श्रद्धेचा मान राखायचा म्हणजे सगळ्याला मान डोलवायची असं नाही, हे सासूबाईंनाही समजेल. त्यांचंही नातवावर प्रेमच आहे.

त्या डोंगरावर नेणाऱ्या समुपदेशकांकडे न्यावं का? मला विचाराल तर एकदा भेटा, आधी तुम्ही दोघं नवरा-बायको. शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. विचारणं उद्धटपणा नाही, चांगला माणूस आनंदानं सांगतो. मुलाच्या अंगाला हात लावायची गरज पडते का आणि पडली तर आधी त्याला विचारता का? डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला लावता का? हे महत्त्वाचं आहे, कारण काही जणांना डोळे मिटून आत बघितलं की जास्त घाबरायला होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून झाड, दगड, पायाखालची माती यांच्याकडे बघावं. डोंगरावर अटॅक आला तर काय कराल? वाटेत गावची माणसं भेटली तर मुलाचं बोलणं झाकलं कसं राहील? आपल्याकडे डोंगरावर गेलं तरी कोणाचातरी मामा भेटतोच आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता का, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. 'माझ्याकडे आल्यावर गोळ्यांची गरज पडत नाही' असं उत्तर आलं, तर चहा घेऊन परत या. काही मुलांना गोळ्या लागतात, त्यात कमीपणा नाही आणि त्या बहुतेकदा जन्मभराच्या नसतात.

आणखी एक बघा. त्यांनी येताच निसर्गाचे गोडवे गायले, की मुलाला विचारलं, 'तुला कुठं बसायला आवडेल?' कारण झाडापाण्यात प्रत्येकाला शांत वाटतंच असं नाही. ज्याच्या बापानं मळ्यात जीव दिला, त्याला त्या मळ्यात नेऊन 'खोल श्वास घे' म्हणणं क्रूरपणा होईल. विहीर आटली आणि कर्ज वाढलं, अशा घरच्या मुलीला विहीर बघून काय आठवेल? आणि पाणवठा सगळ्यांचा कधीच नव्हता. चवदार तळ्याचं पाणी प्यायला 20 मार्च 1927 ला महाडला सत्याग्रह करावा लागला, हे दलित समाजातल्या घराघरांत जिवंत आहे. मुलींना एकटीनं डोंगरावर जाऊन बसायची मोकळीक किती घरांत आहे? असे वाचक हे वाचत असतील तर त्यांना सांगते, तुमची जागा डोंगरच असायला हवी असं काही नाही. गच्चीवरची तुळशीची कुंडी, शाळेचं मैदान, लेझीमचा ताल, आत्याच्या घरचा ओटा, यांतलं जे तुमच्या छातीला सैल करतं ती तुमची जागा. शहरात सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीला पोळ्या लाटताना श्वास सापडला होता.

राहिला प्रश्न मळ्यात वर्षभर ठेवण्याचा. इथं मी तुम्हाला जरा अडवते. काही आठवडे थांबणं ठीक आहे, त्याला त्याची गरजही आहे. पण घाबरण्याचा स्वभाव असा, की जिथं भीती वाटली ती जागा टाळत गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती मात्र मोठी होते. आधी क्लास, मग एसटी, मग बाजार, असं करत करत मळ्याबाहेरचं सगळंच जग धोक्याचं वाटायला लागतं. म्हणून मळा त्याचं बळ गोळा करायचं ठिकाण असू दे, लपायचं नको. शरीराच्या वाटेनं इथंही जाता येतं. छाती धडधडली की त्याला वाटतं, आलं. आता तपासण्या नॉर्मल आहेत, डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याला ओढ्यापासून टेकाडापर्यंत भरभर चढू द्या. तिथंही काळीज धडधडेल, श्वास फुलेल, घाम येईल आणि पाच मिनिटांत सगळं शांत होईल. धडधड म्हणजे धोका नव्हे, हे त्याच्या अंगालाच कळू द्यायचं. चांगले समुपदेशक ही गोष्ट पायरीपायरीनं करून घेतात. मग गावातल्या वाचनालयात तासभर, मग एसटीनं साताऱ्यापर्यंत, मग लातूरला एक दिवस. लातूरलाच परत जायचं, की जवळ राहून बारावी करायची, की नीट एक वर्ष पुढे ढकलायची, हे त्यानंतर ठरवा आणि त्याच्याबरोबर ठरवा. भीतीनं सोडलेली गोष्ट आणि विचार करून सोडलेली गोष्ट यांत फार फरक असतो. पैसे कमी पडत असतील तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, तिथं जायला लाजू नका.

तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्या वडिलांना जाऊन वर्ष व्हायचंय. 'आम्ही पण शिकलो' म्हणणारा माणूस स्वतः किती रडला, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना समजावण्यात ताकद घालवू नका. सकाळी दोघा बापलेकांना दुधाचे कॅन घेऊन डेअरीपर्यंत चालत पाठवा. बोला असं सांगू नका. एखाद्या दिवशी आजोबांचा विषय आपोआप निघेल. नाही निघाला तरी दोघं चाललेले असतील.

आणि ताई, 'ते असो' कसं? दोन वर्षं डोकं जड असणं हे 'असो' म्हणायचं दुखणं नाही. दोन वर्षं म्हणजे सासरे जायच्या आधीपासूनचं आहे हे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा, चष्म्याचा नंबर बघा, पाळी मागेपुढे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मुलाच्या सगळ्या तपासण्यांच्या तारखा तुम्हाला पाठ असतील, स्वतःची शेवटची तपासणी कधी झाली आठवतंय का? मग संध्याकाळी सगळ्यांचं आवरण्याआधी, आवरल्यावर नव्हे, पंधरा मिनिटं मळ्याच्या वाटेनं एकट्या चालून या. मोबाईल घरी ठेवा. आणि मुलाला विचारायला सांगितलेला प्रश्न स्वतःलाही विचारा, कुठं जड आहे? कपाळावर, मानेत, की आणखी खाली? जे सापडेल ते मला लिहून पाठवा. त्या पत्रात मुलाचं काही नसलं तरी चालेल.